रशचा सर्वांत चांगला अल्बम कोणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रश ऐकणारी दोन माणसं एकत्र आली की चहा संपायच्या आत अल्बमवरून वाद सुरू होतो. मला येणारे प्रश्नही वर्षानुवर्षं तेच असतात. नवे ऐकणारे सुरुवात कुठून करायची ते विचारतात, जुने मला खिंडीत गाठायला बघतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रश म्हणजे नेमका कोणता बँड? त्यांचे अल्बम एकूण किती?

कॅनडातला, टोरोंटोचा, तिघांचा बँड. १९६८ साली शहराच्या विलोडेल भागातल्या शाळकरी मुलांनी सुरू केला. गिटारवर ॲलेक्स लाइफसन. बास आणि गाणं गेडी लीकडे, आणि पुढे कीबोर्डही त्याच्याचकडे. पहिल्या अल्बमवर ड्रम जॉन रट्सीने वाजवले. १९७४ च्या जुलैमध्ये, अमेरिकेचा पहिला दौरा दोन आठवड्यांवर आलेला असताना, त्याच्या जागी नील पर्ट आला. तिथून २०१५ पर्यंत या तिघांत एकदाही बदल झाला नाही. गाण्यांचे शब्दही जवळजवळ सगळे पर्टचे.

स्टुडिओ अल्बम १९ आहेत, १९७४ च्या ‘रश’पासून २०१२ च्या ‘क्लॉकवर्क एंजल्स’पर्यंत. २००४ चं ‘फीडबॅक’ यात धरत नाहीत, कारण त्यात त्यांनी लहानपणी ऐकलेली दुसऱ्यांची आठ गाणी आहेत.

२. फार खोलात न जाता एकच नाव सांगा. सर्वांत चांगला कोणता?

सगळ्यांचं मिळून उत्तर हवं असेल तर ‘मूव्हिंग पिक्चर्स’, १९८१. अमेरिकेत त्यांचा सर्वांत जास्त खपलेला अल्बम हाच, आणि रश न ऐकणाऱ्यालाही ‘टॉम सॉयर’ कुठेतरी कानावर पडलेलं असतं.

माझं उत्तर हवं असेल तर त्याच्या आधीचा, १९८० च्या जानेवारीत आलेला ‘परमनंट वेव्ह्ज’. मी हे नुसतं वेगळं बोलायचं म्हणून बोलत नाही. सहा गाणी, पस्तीस-छत्तीस मिनिटं, आणि एवढ्यात दोन्ही रश सापडतात: लांबलचक रचना बांधणारा सत्तरच्या दशकातला बँड आणि पाच मिनिटांत सगळं सांगून मोकळा होणारा ऐंशीच्या दशकातला. ‘द स्पिरिट ऑफ रेडिओ’ रेडिओवर लागावं इतकं सुटसुटीत आहे, तरी शेवटाकडे ते मध्येच जमैकाच्या रेगे संगीताच्या ठेक्यात शिरतं आणि तसंच बाहेर येतं. ‘नॅचरल सायन्स’ नऊ मिनिटांचं, तीन भागांचं. क्वेबेकमधल्या मोरिन हाइट्सला ज्या ‘ल स्टुडिओ’त हा अल्बम रेकॉर्ड झाला तो तळ्याच्या काठावर होता. या गाण्याच्या सुरुवातीला पाण्याचा जो आवाज येतो तो त्या तळ्यात वल्ही मारून काढलेला आहे. हेडफोन लावून पहिलं मिनिट ऐका. पाणी हलतं, गिटार हळूच येते, आणि गेडी ली नेहमीपेक्षा कितीतरी खालच्या आवाजात गायला लागतो. या एका मिनिटासाठी मी गेली कित्येक वर्षं भांडतो आहे.

३. ‘कालखंड’ म्हणतात ते काय आहे? प्रत्येक जण ‘तुमचा कालखंड कोणता’ असं विचारतो.

रशची एक सवय होती. चार स्टुडिओ अल्बम झाले की एक मैफिलीचा अल्बम काढायचा. १९७४ ते ७६ या काळात चार, मग ‘ऑल द वर्ल्ड्स अ स्टेज’. १९७७ ते ८१ चार, मग ‘एक्झिट स्टेज लेफ्ट’. १९८२ ते ८७ चार, मग ‘अ शो ऑफ हँड्स’. १९८९ ते ९६ चार, मग १९९८ मध्ये ‘डिफरंट स्टेजेस’. ही चौकडी मोडली ती त्यानंतर.

प्रत्येक चौकडीनंतर बँड थोडा पालटायचा, आणि प्रत्येक पालटाच्या वेळी काही ऐकणारे उतरून जायचे, काही नवे चढायचे. म्हणून सर्वांत चांगला अल्बम कोणता हा वाद खरं तर कोणत्या बदलाची तळी उचलायची यावरचा असतो. समोरचा ‘हेमिस्फिअर्स’ म्हणाला तर त्याला गाणी आखूड झाल्याचं दुःख आहे. ‘पॉवर विंडोज’ म्हणाला तर त्याला गिटारभोवती जागा लागते. हे कळलं की हमरीतुमरीवर यायची गरज उरत नाही आणि वादात गंमतही जास्त येते.

४. ‘२११२’ मध्ये एकच मोठं गाणं चांगलं आहे. मग अख्ख्या अल्बमला एवढा मान का?

हा आक्षेप रास्त आहे. तबकडीच्या पहिल्या बाजूवरचं शीर्षकगीत साडेवीस मिनिटांचं आणि ते अफाट आहे. दुसऱ्या बाजूची पाच गाणी त्या तोलाची नाहीत. ‘समथिंग फॉर नथिंग’ मला मनापासून आवडतं, पण ‘लेसन्स’ लक्षात राहत नाही.

तरी हा मान संगीताइतकाच त्यामागच्या परिस्थितीलाही आहे. आधीच्या ‘केरेस ऑफ स्टील’मध्ये त्यांनी दोन लांब रचना घातल्या, त्यातली एक तर बाजूभर. अल्बम पडला. त्या दौऱ्याला बँडनेच ‘डाउन द ट्यूब्स’, म्हणजे गाळात चाललेला दौरा, असं नाव दिलं होतं. रेकॉर्ड कंपनीचा आग्रह होता की आता रेडिओवर चालतील अशी छोटी गाणी द्या. बुडायचंच असेल तर आपल्या मनाचं करून बुडू, असं ठरवून त्यांनी १९७६ मध्ये पुन्हा बाजूभर एकच कथा मांडली: ज्या जगात पुजारी संगीतावर बंदी घालतात तिथे एका माणसाला जुनी गिटार सापडते. लोकांनी तो अल्बम उचलून धरला आणि त्यानंतर त्यांच्या कामात कंपनीने ढवळाढवळ केली नाही. पुढचे पंधरा अल्बम त्या साडेवीस मिनिटांच्या जिवावर उभे आहेत.

अल्बम म्हणून सलग ऐकायचा तर मात्र ‘हेमिस्फिअर्स’ (१९७८) उजवा. चारच रचना, त्यात भरताड एकही नाही. शेवटची ‘ला व्हिला स्ट्रँजियाटो’ साडेनऊ मिनिटांची आणि शब्दाविना, लाइफसनच्या दुःस्वप्नांवरून सुचलेली. ती एका दमात वाजवून रेकॉर्ड करायचा त्यांचा हट्ट होता. दिवसचे दिवस गेले आणि शेवटी तुकडे जोडावे लागले.

५. २११२ मागे व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवार घेणारी लेखिका आयन रँड आहे ना? मग हे गाणं राजकीय प्रचाराचं नाही का?

अल्बमच्या वेष्टनावर तिचा ऋणनिर्देश आहे, ही गोष्ट खरी. पर्ट तेव्हा चोवीस वर्षांचाही नव्हता. पुढे तो त्या विचारांपासून बराच दूर आला आणि २०१२ मध्ये त्याने स्वतःला कळवळा असलेला स्वातंत्र्यवादी म्हटलं. गाण्याचं मर्म मला तरी एवढंच वाटतं की माणसाच्या हातातलं वाद्य कुणी काढून घेऊ नये.

६. ‘मूव्हिंग पिक्चर्स’ची दुसरी बाजू कमी पडते, असं मी म्हटलं तर चूक आहे का?

चूक नाही, घाई आहे. पहिल्या बाजूवर ‘टॉम सॉयर’, ‘रेड बार्केटा’, ‘वायवायझेड’ आणि ‘लाइमलाइट’ असे चार हुकमी पत्ते एकापाठोपाठ पडतात. त्यानंतर काहीही फिकंच वाटणार. दुसऱ्या बाजूचं ‘द कॅमेरा आय’ न्यूयॉर्क आणि लंडन या दोन शहरांवरचं, अकरा मिनिटांच्या घरातलं. त्यानंतर त्यांनी स्टुडिओत इतकी लांब रचना पुन्हा केली नाही. ‘विच हंट’ जमावाच्या रोषावर आहे. आणि ‘व्हायटल साइन्स’मध्ये पुढचा अख्खा कालखंड ऐकू येतो (प्रश्न ८ पाहा). एकदा दुसरी बाजू आधी लावून बघा. माझं मत अशाच एका दुपारी बदललं.

मुखपृष्ठही नीट पाहा. टोरोंटोतल्या ऑन्टारिओ प्रांताच्या विधानसभेच्या इमारतीसमोर हमाल चित्रं वाहून नेताहेत, बघणाऱ्यांचे डोळे पाणावलेत, आणि मागच्या बाजूला या सगळ्याचं चित्रीकरण चाललंय. एका नावाचे तीन अर्थ.

७. ताल मोजायला गेलो की चुकतो. मोजल्याशिवाय हे संगीत कळत नाही का?

न मोजता मान डोलली तरी पुरे. पण मोजायचंच असेल तर आपल्याकडे त्याची सोय आहे.

तबला वाजवणाऱ्या माझ्या एका मित्राला मी ‘सबडिव्हिजन्स’ ऐकवलं होतं. सुरुवातीची सिंथची (सिंथेसायझरची) ओळ दोनदा झाली आणि त्याची बोटं आपोआप मांडीवर पडायला लागली: तीं तीं ना, धीं ना, धीं ना. सात मात्रा, रूपक. विभागांची वजनं तंतोतंत जुळत नाहीत, पण आवर्तन बरोबर बसतं. गाणं पुढे सरळ चारात गेलं तेव्हा तो थबकला, हसला आणि म्हणाला, “परत लाव.” ‘टॉम सॉयर’च्या मधला वाद्यांचा तुकडाही सातातच आहे.

‘वायवायझेड’ दहाचा. हे टोरोंटोच्या विमानतळाचं सांकेतिक नाव, आणि सुरुवातीचा ठेका म्हणजे तीच तीन अक्षरं मोर्सच्या कडकट्टमध्ये. लांब ठोक्याला दोन आणि आखूड ठोक्याला एक धरा. वाय म्हणजे लांब, आखूड, लांब, लांब: सात. पुन्हा वाय: सात. झेड म्हणजे लांब, लांब, आखूड, आखूड: सहा. एकूण वीस, म्हणजे दहा मात्रांचं एक आवर्तन. टेबलावर टिचकीने वाजवून बघा, पाच मिनिटांत हातात बसतं.

८. ‘सिग्नल्स’पासून सिंथेसायझर आले आणि बँड वाया गेला, हे खरं का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न, आणि माझा जीव सर्वांत जास्त ज्यात अडकलाय तो.

आधी तक्रारीतलं खरं ते मान्य करू. ‘सिग्नल्स’मध्ये (१९८२) गिटार मागे ढकलली गेली आहे. लाइफसनने स्वतः ही नाराजी बोलून दाखवली आहे. याच अल्बमनंतर ‘फ्लाय बाय नाइट’पासून सोबत असलेला निर्माता टेरी ब्राउन आणि बँड यांची वाट वेगळी झाली. पण ‘सबडिव्हिजन्स’ याच अल्बमवर आहे, आणि उपनगरात वाढताना चारचौघांसारखं नसण्याची शिक्षा कशी मिळते हे त्यांनी त्याआधी इतक्या सरळपणे कधी सांगितलं नव्हतं. ते ग्रहताऱ्यांवरून खाली, स्वतःच्या गल्लीत आले.

मग १९८४ चा ‘ग्रेस अंडर प्रेशर’. यात गिटार पुन्हा पुढे आली, पण धारदार आणि थंड होऊन. ‘रेड सेक्टर ए’ मध्ये बास गिटार अजिबात नाही. सिंथची एक धडधड आणि पर्टचे इलेक्ट्रॉनिक ड्रम. गेडी लीचे आई-वडील नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले. १९४५ मध्ये बर्गन-बेल्सनची सुटका झाली तेव्हा त्याच्या आईला बाहेर जग शिल्लक आहे यावर विश्वास बसेना. जग असतं तर कुणीतरी आधीच आलं नसतं का, असं तिला वाटलं होतं. ते ऐकून पर्टने शब्द लिहिले आणि मुलाने ते गायले. हे गाणं गिटारच्या भडिमारात मावलं नसतं. यंत्रासारखा तो ठोकाच हवा होता.

‘पॉवर विंडोज’ (१९८५) झगमगीत आहे, पण ‘मॅरेथॉन’ आणि ‘मिस्टिक ऱ्हिदम्स’साठी मी तो कुणालाही देईन. ‘होल्ड युवर फायर’मध्ये (१९८७) मात्र साखर जास्त झाली, हे मलाही पटतं. थोडक्यात, चारपैकी तीन अल्बमची बाजू मी शेवटपर्यंत लढवतो.

९. गायकाचा आवाज फार चढा लागतो. माझ्या घरात पाच मिनिटंही चालत नाही. काय करू?

सुरुवात सत्तरच्या दशकापासून करू नका. ‘हेमिस्फिअर्स’च्या वेळी तर संगीत इतक्या वरच्या पट्टीत बांधून झालं होतं की गायला बसल्यावर गेडी लीचीच दमछाक झाली. त्यानंतर त्याने आवाज खाली आणला. ‘परमनंट वेव्ह्ज’पासून पुढे काहीही घ्या, आणि घरच्यांसाठी ‘होल्ड युवर फायर’मधलं ‘टाइम स्टँड स्टिल’ लावा. त्यात गायिका एमी मॅनचा आवाज सोबतीला आहे.

१०. नव्वदच्या दशकातलं काय ऐकावं?

‘काउंटरपार्ट्स’, १९९३. गिटार जाड, ड्रम जवळ, कीबोर्ड कोपऱ्यात. ‘ॲनिमेट’ने सुरू करा. ‘रोल द बोन्स’मधून ‘ब्राव्हाडो’ एवढं नक्की घ्या. ‘प्रेस्टो’ आणि ‘टेस्ट फॉर एको’ नंतर सवडीने.

११. ‘व्हेपर ट्रेल्स’ ऐकताना डोकं दुखतं. माझ्या स्पीकरमध्ये दोष आहे का?

स्पीकर ठीक आहेत. २००२ चा मूळ अल्बम इतक्या चढ्या पातळीवर तयार केला गेला की आवाज जागोजागी फाटतो. तेव्हा सगळीकडेच मोठ्या आवाजाची चढाओढ चालू होती आणि हा अल्बम तिचा ठळक बळी ठरला. २००९ मध्ये दोन गाणी नव्याने मिश्रण करून एका संग्रहात आली. मग २०१३ मध्ये डेव्हिड बॉट्रिलने अख्खा अल्बम नव्याने मिश्रित केला. त्याच्या नावातच ‘रीमिक्स्ड’ आहे, तोच शोधा.

पण काही जुने चाहते अजून फाटक्या आवाजालाच धरून आहेत, आणि त्यांना मी मोडीत काढत नाही. १९९७ च्या ऑगस्टमध्ये पर्टची एकुलती एक मुलगी मोटार अपघातात गेली. दहा महिन्यांनी बायको कर्करोगाने. तो मोटारसायकल घेऊन निघाला आणि सुमारे ८८,००० किलोमीटर फिरला. बँड संपला असंच सगळे धरून चालले होते. त्यानंतरचा हा पहिला स्टुडिओ अल्बम, आणि त्यात कीबोर्ड नाहीत. ‘वन लिटल व्हिक्टरी’ पर्टच्या दुहेरी बास ड्रमने उघडतं, आधी दुसरं काही नाही. इतक्या वर्षांनी तो माणूस पुन्हा ड्रमवर बसलाय हे त्या काही सेकंदांत कळतं. तो आवाज खरखरीतच ऐकावासा वाटला, तर मी समजू शकतो. रोजच्या ऐकण्यासाठी मात्र नवं मिश्रण.

१२. मैफिलीचे अल्बम या यादीत धरायचे का?

वादापुरते नाही, ऐकण्यापुरते जरूर. एकच घ्यायचा तर ‘एक्झिट स्टेज लेफ्ट’. ‘रश इन रिओ’ त्यातल्या गर्दीसाठी ऐका. शब्दच नसलेलं ‘वायवायझेड’ ते ब्राझीलचे लोक सुरावर एकसाथ गातात.

१३. ‘स्नेक्स अँड ॲरोज’च्या मुखपृष्ठावर आपली सापशिडी कशी आली?

ती खरोखरच आपली आहे. नावाच्या निमित्ताने शोध घेताना पर्टला ‘लीला’ हा जुना भारतीय खेळ सापडला आणि हरीश जोहरी यांनी काढलेला त्याचा पट मुखपृष्ठावर आला. महाराष्ट्रात याच जातीच्या खेळाला मोक्षपट म्हणतात आणि परंपरेने त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना दिलं जातं. साप म्हणजे दुर्गुण, वर नेणारी वाट म्हणजे सद्गुण, शेवटचं घर मोक्षाचं. २००७ च्या या अल्बमचा विषय श्रद्धा आणि तिचं शस्त्र कसं होतं हा आहे. ‘आर्मर अँड स्वोर्ड’ ऐकताना पट समोर ठेवा. यादीत मी याला दहाच्या आत धरतो. तीन रचना शब्दाविना आहेत, त्यातली ‘होप’ लाइफसनची एकट्याची, दोनच मिनिटांची.

१४. ‘क्लॉकवर्क एंजल्स’ पहिल्या पाचात बसतो का, की शेवटचा म्हणून त्याचे लाड होतात?

बसतो. २०१२ मध्ये, पहिल्या अल्बमनंतर ३८ वर्षांनी, त्यांनी पहिल्यांदाच पूर्ण अल्बमभर एक कथा सांगितली. ‘२११२’मध्ये तसं नव्हतं, तिथे कथा एकाच बाजूची होती (प्रश्न ४). पुढच्या वर्षी त्याला कॅनडाचा ज्युनो पुरस्कारही मिळाला. मिश्रण थोडं गच्च आहे, हे मान्य. पण शेवटचं ‘द गार्डन’ ऐकून ज्याला हा अल्बम सहाव्या क्रमांकावर ठेवता येतो त्याच्याशी मला एकदा निवांत बसून बोलायचं आहे.

१५. पर्ट नसलेला पहिला अल्बम रशचा धरायचा का? आणि आता नव्या ड्रमरमुळे यादी बदलणार का?

पहिला अल्बम धरायचाच. क्लीव्हलंडच्या रेडिओवर त्यातलं ‘वर्किंग मॅन’ वाजलं आणि कामगारांच्या त्या शहराने फोन करून करून ते पुन्हा मागितलं, म्हणून अमेरिकेचं दार उघडलं.

पर्ट ७ जानेवारी २०२० रोजी मेंदूच्या कर्करोगाने गेला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ली आणि लाइफसन यांनी जर्मन ड्रमर अनिका निलेसला सोबत घेऊन २०२६ चा दौरा जाहीर केला. या घोषणेत दौराच होता, अल्बम नाही. तेव्हा आकडा १९ चाच.

१६. सगळे अल्बम क्रमाने ऐकायचे ठरवले, पण तिसऱ्यातच अडकलो. उलट क्रमाने ऐकलं तर चालेल का?

चालेल, आणि तसं करायला त्यांनीच शिकवलंय. २०१५ च्या ‘आर-फोर्टी’ दौऱ्यात कार्यक्रम नव्या गाण्यांपासून जुन्यांकडे जायचा. मधल्या काळात रंगमंचावरची माणसं एकेक सामान उचलून नेत. भव्य देखावे जात, ॲम्प्लिफायरच्या भिंती कमी होत, आणि शेवटी शाळेच्या जिमखान्याचा देखावा, खुर्चीवर ठेवलेला ॲम्प्लिफायर आणि तिघे जण एवढंच राही. १ ऑगस्ट २०१५ ला लॉस एंजेलिसजवळच्या ‘फोरम’ सभागृहात शेवटचा कार्यक्रम असाच झाला. शेवटचं गाणं पहिल्या अल्बममधलं ‘वर्किंग मॅन’. पर्ट एरवी कार्यक्रम संपताच निघून जायचा. त्या रात्री तो ड्रममागून उठला, पुढे आला आणि दोघांना मिठी मारली.